ठगांचा माग काढणारा टेलर साहेब : गावाचा पहारा कुठे चालतो आणि कुठे फसतो?

रात्री जेवणं उरकली की गावातली आठ-दहा पोरं पारावर जमतात. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात बॅटरी, कुणाच्या गळ्यात शिट्टी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर आज कुणाची पाळी आहे ते ठरलेलं असतं. दोन वाजेपर्यंत एक तुकडी, तिथून पहाटेपर्यंत दुसरी. विहिरीवरची मोटार, गोठ्यातली जनावरं, खळ्यावर पडलेलं सोयाबीन, यावर डल्ला पडू नये म्हणून धाराशिव जिल्ह्यातल्याच नाही तर अख्ख्या मराठवाड्यातल्या गावांत अशी रात्रगस्त निघते.

२०२४ च्या पावसाळ्यात तर या गस्तीला वेगळंच उधाण आलं होतं. आकाशात रात्री ड्रोन फिरतायत, चोर आधी ड्रोनने टेहळणी करतात आणि मग घरं फोडतात, अशी चर्चा मराठवाड्यात आणि पुणे-नगर पट्ट्यात पसरली. लोक रात्र रात्र जागले.

अशा वेळी एक प्रश्न हमखास येतो. गावात अनोळखी माणूस दिसला तर तो चोर कशावरून? आणि ओळखीचा दिसला तर तो चोर नाही कशावरून?

हाच प्रश्न सुमारे दोनशे वर्षांपूर्वी याच भागात एका पोराला पडला होता. तेव्हा त्याने विशीसुद्धा नीट ओलांडलेली नव्हती. पुढे त्याच्या एका पुस्तकामुळे ठग हा शब्द जगभर पोचला. नंतर हाच माणूस नळदुर्ग जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा कारभारी झाला. तुळजापूरवर त्याने कादंबरीही लिहिली. त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर.

त्याच्या आयुष्याची गोष्ट समजून घेतली की गावाचा पहारा नेमका कशावर चालतो हेही समजतं.

लिव्हरपूलचा पोरगा औरंगाबादेत कसा आला?

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. वडील व्यापारी. पण धंद्याची घडी विस्कटली आणि १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, पोराला मुंबईच्या जहाजात बसवण्यात आलं. मुंबईत एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढीत नोकरी करायची आणि मोठं झाल्यावर भागीदार व्हायचं, असं ठरलं होतं.

मुंबईत उतरल्यावर कळलं की पेढीच डबघाईला आलेली आहे. भागीदारी वगैरे सगळ्या बाता. सुदैवाने मुंबई सरकारात मोठ्या हुद्द्यावर असलेला एक नातेवाईक मदतीला आला आणि त्याने टेलरला हैदराबादच्या निजामाच्या फौजेत अधिकारी म्हणून चिकटवून दिलं. १८२४ संपता संपता टेलर औरंगाबादच्या छावणीत हजर झाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. टेलर ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर नव्हता, तो निजामाचा नोकर होता. कंपनीच्या अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या बढत्या, रजा, पेन्शन यातलं फारसं काही त्याच्या वाट्याला येणार नव्हतं. वशिला संपला होता, शिक्षण अर्धवट होतं. मग पुढे जायचं कसं? टेलरने लोकांची भाषा शिकायला घेतली. हिंदुस्थानी, मराठी, फारसी. दुभाष्याशिवाय शेतकऱ्याशी, सावकाराशी, फकिराशी बोलता येईल इतकी तयारी त्याने केली.

याच जोरावर १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याला फौजेतून काढून पोलीस कामावर नेमलं. निजामाच्या राज्याचा नैऋत्य पट्टा त्याच्याकडे आला, म्हणजे आजच्या धाराशिव-कलबुर्गी बाजूचा मुलूख. शेजारी इंग्रजांचा सोलापूर भाग. या सीमेचा फायदा चोर-दरोडेखोर बरोबर उचलायचे. एका राज्यात लुटायचं आणि दुसऱ्या राज्यात पळायचं.

टेलरच्या कामाची पद्धत कशी होती? याचा एक किस्सा त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. दौऱ्यावर असताना तक्रार आली की बाजारातले दुकानदार पिठात वाळू मिसळतात. टेलरने दंड केला नाही, कैद केली नाही. त्याने दुकानदारांना बोलावून त्यांच्याच दुकानातल्या पिठाच्या भाकरी करायला लावल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनाच खायला बसवलं. तोंडात वाळू करकरायला लागली तशी दुकानदारांनी माफी मागितली. गुन्ह्याची खबर लोकांनीच दिली होती, आणि न्यायही लोकांसमोरच झाला.

तेव्हा गावाचा पहारा कोण करायचं?

त्या काळात प्रत्येक गावात पोलीस चौकी नव्हती. मग सुरक्षा कशी चालायची? तर गावाची जबाबदारी गावावरच.

वरती पाटील. त्याच्या हाताखाली वेसकर, जागल्या. मराठी मुलखात हे काम बहुतेक करून महार समाजाकडे असायचं, काही भागांत रामोशी, मांग, भिल्ल यांच्याकडे. वेस रात्री बंद करायची, कोण आलं कोण गेलं ते लक्षात ठेवायचं, शिवार राखायचं. गावातली प्रत्येक पाऊलवाट, प्रत्येक जनावर आणि प्रत्येक माणूस जागल्याच्या ओळखीचा.

चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. धुळीत उमटलेल्या पावलांवरून चोर कुठल्या दिशेला गेला ते शोधत शोधत तो गावच्या शिवेपर्यंत जायचा. माग शिवेपलीकडे गेला असेल तर शेजारच्या गावाच्या जागल्याला बोलावून त्याच्या ताब्यात द्यायचा. मग पुढचा शोध त्या गावाचा. ज्या गावाच्या हद्दीत माग संपला, त्या गावाने एक तर चोर द्यायचा नाही तर नुकसान भरून द्यायचं.

म्हणजे ही नुसती राखण नव्हती, ती एक साखळी होती. एका गावाने दुसऱ्या गावाच्या हातात माहिती द्यायची आणि ती कुठेही तुटू द्यायची नाही. पैसे भरावे लागतील या भीतीने प्रत्येक गाव जागं राहायचं.

पण या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. हा पहारा कुणी आपणहून देत नव्हतं. जन्माने तो गळ्यात पडायचा. गावाची वेस राखणाऱ्यालाच वेशीच्या आत घर बांधता येत नव्हतं. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं ते याच वेठबिगारीच्या विरोधात. आजच्या गस्तीत पाळी सगळ्यांना सारखी येते, निदान यायला हवी. हा फरक छोटा नाही.

सगळा बंदोबस्त असूनही ठग सापडत का नव्हते?

तर पोलीस कामावर असताना टेलरला रस्त्यांच्या कडेला प्रेतं सापडल्याच्या बातम्या यायला लागल्या. गळा आवळून मारलेले प्रवासी. कोण, कुठले, काही पत्ता नाही. आसपासच्या गावांत चौकशी केली तर कुणीच हरवलेलं नाही. चोरीची तक्रार नाही, भांडणाची खबर नाही. माग काढावा तर मागच नाही.

टेलरला संशय आला की यामागे काहीतरी मोठं आहे. पण शोध पुढे न्यायच्या आतच त्याला परत फौजेत पाठवलं गेलं. १८२९ साली हैदराबादच्या गादीवर नवा निजाम आला आणि मुलकी कारभारातले इंग्रज अधिकारी काढून घेण्यात आले. ठगांचा उलगडा आपल्याच हातून झाला असता, ही रुखरुख टेलरला शेवटपर्यंत राहिली.

उलगडा झाला तो मध्य भारतात. विल्यम स्लीमन नावाच्या अधिकाऱ्याने पकडलेल्या ठगांना माफीचे साक्षीदार बनवलं आणि त्यांच्याकडून एकेक धागा काढत नेला.

ठगांची पद्धत थोडक्यात अशी. पावसाळा संपला की टोळ्या बाहेर पडायच्या. वाटेत व्यापारी, यात्रेकरू, सुट्टीवर निघालेले शिपाई भेटले की त्यांच्याशी गोड बोलून सोबत करायची. रस्त्यात चोर फार आहेत, एकत्र गेलेलं बरं, असं ठगच सांगायचे. चार दिवस एकत्र जेवण, एकत्र मुक्काम. मग ठरलेल्या जागी इशारा व्हायचा, गळ्याभोवती रुमाल पडायचा आणि प्रेत आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात जायचं. पावसाळ्याच्या तोंडावर हेच लोक आपापल्या गावी परत येऊन शेती करायचे. टोळ्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही.

आता गावाच्या पहाऱ्याकडे परत या. तो का फसला?

पहिलं कारण, मेलेला माणूस कोणत्याच गावाचा नव्हता. तो वाटसरू. त्याच्या घरी तो परत यायची अपेक्षाच काही महिन्यांनी होती. दुसरं, गुन्हा गावात होत नव्हता. दोन गावांच्या मधल्या ओसाड जागेत, ओढ्याकाठी, आमराईत व्हायचा. गावाने आपली शीव राखली होती, पण रस्ता कुणाचाच नव्हता. तिसरं, तक्रार करायला कुणी जिवंतच राहत नसे. आणि चौथं सगळ्यात अवघड. काही ठिकाणचे जमीनदार लुटीतला वाटा घेऊन टोळ्यांना आसरा द्यायचे. ज्याने पहारा ठेवायचा तोच सामील.

हिंगोलीचा कापडवाला

टेलरला याचा सगळ्यात मोठा धक्का बसला तो हिंगोलीत.

१८३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो हिंगोलीच्या छावणीत होता. तिथल्या बाजारात हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. छावणीतले अधिकारी त्याच्याकडून माल घ्यायचे. टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता.

एकदा या हरीसिंगाने मुंबईहून कापड आणायचं आहे म्हणून रीतसर परवाना मागितला. अधिकाऱ्यांनी दिला. माल आला, बाजारात उघडपणे विकला गेला. पुढे माफीचे साक्षीदार बोलायला लागले तेव्हा कळलं की हरीसिंग हा ठगांचा एक मोठा म्होरक्या होता. ते कापड जवळच्याच एका गावच्या व्यापाऱ्याचं होतं. हरीसिंगाच्या टोळीने त्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसांना वाटेत मारलं आणि सरकारी परवान्यावर माल हिंगोलीत आणला. छावणीपासून हाकेच्या अंतरावर पुरलेली प्रेतं निघाली. जिथे चोवीस तास बंदुकधारी पहारा होता, तिथे.

विचार करा. हिंगोलीच्या पहारेकऱ्याने रात्री कुणाला अडवलं असतं? एखाद्या फाटक्या कपड्यातल्या वाटसरूला. हरीसिंगाला त्याने रामराम घातला असता.

टेलर मग ठगांच्या चौकशीच्या कामात स्वतःहून उतरला. कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याच्या हाताखाली त्याने अनेक ठगांच्या जबान्या घेतल्या. त्यातूनच १८३९ साली लंडनमध्ये त्याची कादंबरी आली, कन्फेशन्स ऑफ अ ठग. अमीर अली नावाचा ठग आपल्या गुन्ह्यांची हकिकत सांगतोय, असं तिचं स्वरूप. पुस्तक तुफान गाजलं. राणी व्हिक्टोरियाने तर छपाईची पानं जसजशी तयार होतील तसतशी वाचायला मागवली होती.

ठग संपले कसे?

बंदुकीच्या जोरावर नाही. माहितीच्या जोरावर.

एका साक्षीदाराने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी कैदेत असलेल्या दुसऱ्या साक्षीदाराकडून तपासली जायची. दोघांचं जुळलं की सांगितलेली जागा खणायची. प्रेत निघालं तर जबानी खरी. टोळ्यांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या, रस्त्यांचे नकाशे बनले, एका जिल्ह्यातली माहिती दुसऱ्या जिल्ह्यात जायला लागली. शिवेपाशी तुटणारी साखळी अशी जोडली गेली. जुना जागल्या माग दुसऱ्या गावाच्या हातात द्यायचा, तेच काम आता देशभर व्हायला लागलं.

पण इथेच एक मोठी चूकही झाली. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं हाच गुन्हा ठरवला. खून केल्याचं सिद्ध झालं नाही तरी जन्मठेप. माफीच्या साक्षीदाराने बोट दाखवलं की अनेकदा तेवढं पुरायचं. ठगी खरोखर किती पसरलेली होती आणि त्यात इंग्रजांनी किती तिखटमीठ लावलं, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. टेलरच्या कादंबरीनेही ते तिखटमीठ वाढवलंच.

माणसाने काय केलं यापेक्षा तो कुठल्या टोळीतला, कुठल्या जातीतला याला महत्त्व आलं. त्याच वाटेने पुढे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. धाराशिवच्या शेजारी सोलापुरातही अशी सेटलमेंट होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. पण गावात चोरी झाली की पहिली नजर पारध्यांच्या पालावर जाते, ती सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. लक्ष्मण गायकवाडांचं उचल्या वाचलं असेल तर हे वेगळं सांगायला नको. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीत पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी प्रकल्प उभा राहिला, त्याच्या मागे हाच इतिहास आहे.

टेलर नळदुर्गला परत येतो

१८४० चं दशक टेलरने शोरापूर या छोट्या बेरड संस्थानात काढलं, आजच्या कर्नाटकातल्या सुरपूरला. गादीवर लहान राजा, वेंकटप्पा नायक. टेलर त्याचा पालक म्हणून कारभार बघायचा. तो राजा त्याला आप्पा म्हणायचा. टेलरची बायको मेरी १८४४ साली वारली होती. त्यानंतर त्याने स्वतःला कामात गाडून घेतलं.

१८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग हे भाग इंग्रजांच्या हवाली केले. नळदुर्ग जिल्ह्यावर अधिकारी म्हणून टेलर आला. जवळपास पंचवीस वर्षांनी तो ओळखीच्या मुलखात परतला होता.

बोरी नदीवरचा तो किल्ला, त्यातला पाणीमहाल, शेजारी तुळजापूरचं देवस्थान, सगळ्याने त्याला भुरळ घातली. जमिनीची मोजणी, रस्ते, पाण्याच्या योजना यात त्याने चार वर्षं घालवली. मोजणी म्हणजे कुणाची जमीन किती हे कागदावर पक्कं होणं. रस्ता वाहता झाला की दोन गावांमधली ती ओसाड, कुणाचीच नसलेली जागाही वर्दळीची होते. पोलीस वाढवण्याइतकंच हेही गुन्हे रोखण्याचं काम आहे.

मग १८५७ उजाडलं. उत्तरेत उठाव पेटला. जुलैत हैदराबादेत रेसिडेन्सीवर हल्ला झाला. त्याच सुमारास टेलरला हुकूम आला की वऱ्हाडात बुलढाण्याला जा आणि जिल्हा शांत ठेव. द्यायला फौज मात्र नाही.

फौजेशिवाय एवढा मोठा मुलूख शांत ठेवायचा तर हाताशी काय असतं? खबर आणि विश्वास. गावोगावचे लोक आपणहून येऊन सांगणार असतील तरच अफवा कुठे उठली, कोण कुठून आलं हे वेळेत कळतं. टेलरने वऱ्हाड शांत ठेवलं. एवढंच नाही तर इंग्रज फौजेसाठी गाडीबैलही जमवून दिले. भारतीयांच्या बाजूने पाहिलं तर हा काही अभिमानाचा विषय नाही. तो परक्या सत्तेचा माणूस होता आणि उठाव दाबायलाच त्याने मदत केली. पण बंदुकीशिवाय शांतता राखता येते, ती लोकांच्या ओळखीवर, हेही त्यातून दिसतं.

त्याची किंमत त्यालाही मोजावी लागली. शोरापूरचा राजा वेंकटप्पा उठावात उतरला आणि १८५८ साली पकडला गेला. ज्याला लहानाचा मोठा केला त्याला टेलर तुरुंगात जाऊन भेटला. फाशीची शिक्षा कमी झाली, पण कैदेच्या वाटेवरच गोळी लागून राजाचा मृत्यू झाला.

१८६० साली नळदुर्ग जिल्हा निजामाला परत मिळाला. त्याच वर्षी तब्येत ढासळल्याने टेलर इंग्लंडला गेला. तिथे त्याने १८६३ साली तारा ही कादंबरी लिहिली. तिची सुरुवात तुळजापुरात होते, नायिका तिथल्या शास्त्र्याची मुलगी, आणि पार्श्वभूमी अफजलखानाच्या स्वारीची. म्हातारपणी दृष्टी गेली. सालारजंगांच्या बोलावण्यावरून १८७५ साली तो पुन्हा एकदा भारतात येऊन गेला. परतीच्या वाटेवर, १३ मे १८७६ रोजी, फ्रान्समधल्या मॉन्तों गावी त्याचं निधन झालं. त्याचं आत्मचरित्र त्याच्या मुलीने पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलं.

मग आजच्या गस्तीने यातून काय घ्यायचं?

आज गावोगावी ग्रामसुरक्षा दलं आहेत. त्यांना कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६३ ब प्रमाणे पोलीस अधीक्षक गावकऱ्यांचं असं स्वयंसेवी दल उभं करू शकतात. गावात पोलीस पाटील असतो, तो १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली.

गस्तीमुळे चोऱ्या का कमी होतात? चोराला हवा असतो अंधार, शांतता आणि वेळ. गस्त या तिन्ही गोष्टी काढून घेते. कुत्रं भुंकलं तर कुणीतरी उठून बघणार, हे माहीत असलेल्या गावात चोर शक्यतो शिरत नाही. म्हणजे चोर पकडणं हे गस्तीचं खरं काम नाहीच. चोराने गावात पाऊलच टाकू नये, हे तिचं काम.

पण गस्त बिघडते तेव्हा काय होतं तेही महाराष्ट्राने पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून जगणारी माणसं ती. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात, चोर फिरतायत या अफवेने गावं रात्री जागत असताना, दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरचा जीव गेला.

हिंगोलीची गोष्ट याच्या शेजारी ठेवून बघा. तिथे खुनी होता ओळखीचा, इज्जतदार दुकानदार. इथे मारले गेले ते अनोळखी, पण निर्दोष. दोन्हीकडे चूक एकच. चेहरा बघून ठरवलं, काय घडलं ते बघून नाही.

म्हणून काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायला हव्यात.

गस्त सुरू करायच्या आधी पोलीस ठाण्यात नावं द्या. कोण कधी पाळीवर आहे हे पोलीस पाटलाला माहीत असू द्या.

वागणं संशयास्पद असेल तर नोंद घ्या. गाडीचा नंबर, वेळ, दिशा. कपडे, भाषा, जात ही संशयाची कारणं नाहीत.

काही दिसलं तर आधी ११२ ला फोन, मग शेजारच्या गावाच्या ग्रुपवर निरोप. जुन्या जागल्याचा माग असाच पुढे जायचा. व्हॉट्सअॅपवर आलेला मेसेज मात्र खात्री केल्याशिवाय पुढे ढकलू नका. अफवा हा खोटा माग असतो.

कुणी डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करताना सापडला तर सामान्य माणूसही त्याला धरू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये तशी मुभा आहे. पण त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारहाणीची मुभा कुठेच नाही. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, धर्म, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून कुणाचा खून केला तर नव्या न्याय संहितेत फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद आहे, आणि ती त्या गटातल्या प्रत्येकाला लागू होते.

आणि शेवटचं. पारध्यांच्या पालावर नजर ठेवण्यापेक्षा त्यांची दोन पोरं गस्तीत घ्या. शिवार ओळखण्यात त्यांचा हात धरणारा गावात सापडणार नाही. गस्तीत बरोबर चाललेल्या पोरांवर रात्री-अपरात्री संशय घ्यायची वेळ मग कुणावर येत नाही.